पाहुण्यांदेखत विचारलेली भूक

ज्या घरात सोयरीक जुळत आली आहे, त्या घरात शिरून 'गेल्या वर्षी तुम्ही कधी उपाशी झोपलात का' असं विचारू नये, हे कळायला प्रशिक्षण लागत नाही. पण आमचं प्रशिक्षण झालेलं होतं. नागपूरच्या एका हॉटेलात, एसी हॉलमध्ये, दोन वेळच्या बुफेसह.

मी तेव्हा एका संस्थेच्या सर्वेक्षणाचं काम करत होते. गावोगाव जाऊन कोणत्या घरात किती भूक आहे ते मोजायचं, असं ते काम. आम्ही 'भूक' म्हणत नव्हतो, 'अन्नसुरक्षा' म्हणत होतो. टॅबलेटवर एकेक प्रश्न यायचा, तो जसाच्या तसा वाचायचा आणि हो किंवा नाही दाबायचं. माझी निवड 'स्थानिक उमेदवार' म्हणून झाली होती. मी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, वीज कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढले, कंपनीच्या बसने इंग्रजी शाळेत गेले, आणि गडचिरोलीतलं आरमोरी हे नाव तोवर फक्त एसटीच्या पाटीवर वाचलं होतं. पण नागपुरात बसलेल्यांना चंद्रपूर काय, गडचिरोली काय, सगळं सारखंच. त्यांच्या हिशेबात मी स्थानिक होते. अनोळखी दारात उभं राहून बोलणं मला जमत नाही. इथे बोलायचं ते सगळं आधीच लिहून दिलेलं होतं, म्हणूनच मी ती नोकरी घेतली होती.

आरमोरी तालुक्यातला तो आमचा शेवटचा दिवस होता. धान झोडून झालं होतं, बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोकळी पडली होती. यादीतलं एकच घर उरलं होतं. घरं टॅबलेटच निवडायचा आणि त्याने निवडलेलं घर बदलायचं नाही, असा नियम होता. नियम पाळला जातोय ना, हे बघायला आमचे सुपरवायझर, म्हणजे सर, माझ्यासोबत होते.

अंगण ताजं सारवलेलं होतं. दोन मोटरसायकली आणि भाड्याची एक गाडी उभी होती. ओसरीवर सतरंजी टाकून पाहुणे बसले होते. मुलगा मोबाइलवर अंगठा फिरवत होता, बाजूला त्याचे दोन-तीन नातेवाईक होते आणि मधोमध, भिंतीला टेकून, त्याचे मोठे काका. मुलीचे वडील सतरंजीच्या कडेला अर्धे जमिनीवर बसून सगळ्यांकडे हसून बघत होते. आतून वांग्याच्या भाजीचा आणि वड्यांचा वास येत होता. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या होत्या.

आम्ही गाडी रस्त्यावर ठेवून फाटकाशी पोचलो तेव्हा ते काका म्हणत होते, "पोरगी चांगली हाये. चला, पानं वाढा आता."

मुलाकडचे लोक पोहे-चहा कुठेही घेतात, पण मुलीच्या घरी पानावर बसले की होकार झाला, एवढं मलाही माहीत होतं. आमच्या क्वार्टरमध्येही तसंच चालतं. म्हणजे मुलीच्या आईच्या आणि त्या होकाराच्या मध्ये फक्त पानं मांडायचा अवकाश होता. त्यात आम्ही आलो, गळ्यात ओळखपत्रं घालून.

आई लगबगीने फाटकाशी आली. "कोन जी तुमी? आज नोका येऊ. पाहुने हायेत."

"दहा मिनिटांचं काम आहे, ताई," सर म्हणाले.

"दहा मिन्टाचंच हाये त उद्या करा."

"उद्या आम्ही नसू ना."

"मंग नोका करू."

सर हसले. नकार मिळाला तर हसायचं आणि उभंच राहायचं, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी हळूच म्हटलं, "सर, बाईला एकटीला विचारायचं असं आहे ना?"

"एकटी बाई मिळते कुठे गावात? चालतं तेवढं."

तेवढ्यात ओसरीवरून काकांनी हाक मारली. "सर्व्हे हाये काय? येऊ द्या ना भाऊ. बसा, बसा. आमीबी आयकतो."

घर त्यांचं नव्हतं. तरी त्यांनी सरकून आम्हाला जागा केली. आई आमच्या मागून आली आणि खांबाला धरून उभी राहिली. पदर तिने दोनदा सारखा केला.

मी पहिला प्रश्न वाचला. गेल्या वर्षभरात घरातलं अन्न पुरेल की नाही, अशी चिंता तुम्हाला वाटली का?

"मॅडम पेपरातल्यावानी बोलते," काका बाजूच्या माणसाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "जरा जोरानं वाचा ना मॅडम. आयकू नाई येऊन राह्यलं."

"काऊन वाटन चिंता," आई म्हणाली. "घरचा धान हाये. भरून हाये."

"घरचा हाये?" काकांनी विचारलं. "बांधी त एवढीशीच सांगितली होती तुमी."

"एवढीशीच हाये, पन पिकते."

मी 'नाही' दाबलं. पुढचा प्रश्न खाण्यातल्या प्रकारांचा होता. रोज तेच ते खावं लागलं का? आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती. घरात घुसलेल्या कुत्र्याकडे बघावं तशी ती बघत होती, आणि मला ते योग्य वाटलं.

"भाजी असते, वरन असते," ती म्हणाली. "दूध असते. म्हैस हाये."

"म्हैस कुठी हाये?" काका मान वळवून गोठ्याकडे बघत म्हणाले. "मले त नाई दिसली."

"चराले गेली."

"अस्सं. आमी जाईस्तोवर येते काय घरी?"

त्यांच्या बाजूचा माणूस हसला. मुलीचे वडीलही हसले, कारण सगळे हसले की हसायचं असं त्यांनी सकाळपासून ठरवलेलं असावं. सरांना यात काही खटकलं नाही. ते पुढे झुकून अगदी मायेने म्हणाले, "ताई, दूध रोज असतं का? नीट आठवून सांगा. खरं सांगितलं तर तुमचाच फायदा आहे."

सरांना खरं हवं होतं, काकांनाही खरंच हवं होतं. एकाला तालुक्याच्या नकाशात रंग भरायचा होता, दुसऱ्याला सून किती हलक्या घरची आहे ते बघायचं होतं. मला दोघांत फरक करता येईना. मी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

मी टॅबलेट त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी टॅबलेट उचलला आणि स्वतः वाचू लागले. जेवण टाळलं का, नाई. कमी खाल्लं का, नाई. घरातलं धान्य संपलं का, नाई. प्रत्येक 'नाई' आधीच्यापेक्षा लहान होत गेली. शेवटचा प्रश्न पूर्ण दिवस उपाशी राहण्याचा होता.

"नाई."

"भादव्यात? नवीन धान निघायच्या आधी?" सरांनी विचारलं.

"हो ना," काका म्हणाले. "भादवा त कठीनच जाते. आठवा, आठवा, विहीनबाई."

मुलगी आतल्या दारात उभी होती. हातात ताटं होती, एकावर एक रचलेली, वाढायला आणलेली. ती कधी आली ते कोणी पाहिलं नव्हतं. गुलाबी साडी तिला लांब होत होती.

"झोपतो ना उपाशी," ती म्हणाली. "भादव्यात आई-बाबा झोपते. मले देऊन झोपते." मग काकांकडे बघून तिने विचारलं, "तुमच्याकडचा धान भादव्यातच पिकते काय, मोठे बाबा?"

मुलगा हसला. मोबाइलवरून मान वर करून, अगदी मनापासून. काकांनी त्याच्याकडे पाहिलं तसं त्याने तोंड मिटलं.

काका उठले. त्यांनी गुडघे झटकले, टोपी नीट केली. "पोरीची जीभ लय चालते," ते मुलीच्या वडिलांना म्हणाले. "येतो आमी. कळवतो."

"जेवून जा जी," आई खांब सोडून पुढे आली. "सगळं झालं हाये. पानं मांडाचीच बाकी हायेत."

"राहू द्या बाई. उपाशी झोपनाऱ्याच्या घरी कोन जेवते. तुमालेच पुरन ते."

ते पायऱ्या उतरले. बाकीचे त्यांच्यामागे. मुलगा चपला घालायला सगळ्यांत उशीर लावत होता. त्याने एकदा दाराकडे पाहिलं. अंगणातून हाक आली आणि तोही गेला.

ओसरीवर परके असे आम्ही दोघंच राहिलो. वडील सतरंजीची सुरकुती हाताने सरळ करत होते. सरांनी घसा साफ केला.

"ताई, उत्तर देणाऱ्या म्हणून तुमची नोंद आहे. मुलीचं धरता येत नाही. तुमचं उत्तर 'नाही' ठेवू ना?"

आई फाटकाकडे बघत राहिली. सरांनी 'नाही' दाबलं. त्या घराची नोंद पोटभर जेवणाऱ्या घरांत झाली. पुढे अहवालातल्या नकाशात त्या गावाला फिकट हिरवा रंग मिळाला आणि आम्हा सगळ्यांचं त्यात कौतुक झालं.

आम्ही निघायला उठलो तेव्हा वडील सवयीने म्हणाले, "जेवून जा साहेब. सयपाक हाये."

सरांनी दाराकडे पाहिलं. सकाळपासून आम्ही फक्त चहा घेतला होता. भाजीचा वास अजून तसाच येत होता. त्या गावांतून आजवर आम्हाला कोणीही रिकाम्या पोटी जाऊ दिलं नव्हतं. शिव्या घालत का होईना, वाटीभर भात पुढे केला होता.

"नाई," आई म्हणाली. मग मुलीला, "झाकून ठेव ते. याइले देऊ नोको."

मुलगी तिथेच उभी राहिली. आई सरांच्या समोर आली. ती त्यांच्या खांद्याएवढीही नव्हती.

"हे लिहा आता," ती म्हणाली. "घरी सयपाक होता. लय होता. तुमाले देल्ला नाई."

सर पायऱ्या उतरले. मला काहीतरी म्हणायचं होतं. माझ्याजवळ होती ती फक्त पेपरातली मराठी. मी त्यांच्यामागे उतरले.

आम्ही फाटकाबाहेर गाडीत बसत होतो तेव्हा ओसरीवरून आईचा आवाज ऐकू आला. ती ओरडत नव्हती.

"तुले कोनं इचारलं होतं?"

"त्याइनंच त इचारलं," मुलगी म्हणाली.

मग ताटं खाली ठेवल्याचा आवाज झाला. सरांनी ड्रायव्हरला चल म्हणून सांगितलं.