बावखल म्हणजे पाँड नव्हे

सातिवलीला आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना आहे. तिथे लिडिया डिस्पॅच सांभाळते आणि मी हिशेब. बारावीनंतर तिचे लग्न झाले आणि शिक्षण थांबले. मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी तिने स्वतःही एका ख्रिस्ती विद्यापीठात नाव घातले. नोकरी करणाऱ्यांसाठी तिथे संध्याकाळचे आणि शनिवारचे वर्ग होते. पदवीला विषय दोन, इंग्रजी आणि पर्यावरणशास्त्र.

"दोन्ही कशाला?" मी विचारले होते.

"इंग्रजी नोकरीसाठी, पर्यावरण माझ्यासाठी. आणि रविवारी सुट्टी. ख्रिस्ती विद्यापीठाचा तेवढा तरी फायदा हवा ना, सर."

माणिकपूरच्या एका शाळेने तिला शब्द दिला होता. पदवी घेऊन या, मुलांचा इंग्रजी संभाषणाचा तास आणि निसर्ग मंडळ तुमच्याकडे देतो. त्यासाठी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मे अखेर मंजूर व्हायला हवा होता. तो नाही झाला तर वर्ष जाणार आणि ती जागाही जाणार.

प्रकल्प होता भुईगावच्या बावखलांवर. बागायतीत, केळी-फुलांच्या वाड्यांमध्ये, पूर्वजांनी खोदून ठेवलेले हे गोड्या पाण्याचे साठे. लिडियाच्या सासरच्या वाडीतही एक आहे. तिने तेही धरून सहा बावखले निवडली, त्यांच्या शेजारच्या विहिरींची पातळी वर्षभर मोजली आणि सगळे इंग्रजीत लिहून काढले. एप्रिलमध्ये प्रकल्प परत आला. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक हिलरी इंग्रजी शिकवत. त्यांनी जिथे जिथे 'बावखल' होते तिथे तिथे खूण करून बाजूला 'पाँड' लिहिले होते. पर्यावरणशास्त्राच्या बाईंचेही तेच म्हणणे होते.

"तीन वर्षांत दोन विभागांचं पहिल्यांदा एकमत झालं," लिडिया जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत म्हणाली, "आणि ते माझ्याविरुद्ध."

"मग बदल की. कॉम्प्युटर दोन मिनिटांत बदलतो."

"तळं कोणाचंही असतं, नाहीतर कोणाचंच नसतं. बावखल तसं नाही, सर. तुम्ही दुरुस्तीचा खर्च प्रवासाच्या खात्यात टाकाल का?"

मी टाकला नसता.

ती हिलरींना भेटायला गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "शब्द ठेव. पण शंभर वेळा वापरलास आणि एकदाही सांगितलं नाहीस, बावखल म्हणजे काय ते. भुईगावच्या बाहेरच्या माणसाने काय समजायचं? व्याख्या आण, मी सही करतो."

त्यांचे बरोबर होते. विहीर म्हणजे काय हे आपण जसे कोणाला सांगत नाही, तसे तिला बावखल सांगायचे सुचलेच नव्हते. आता तिने गावात विचारायला सुरुवात केली. उत्तर सगळीकडे एकच मिळाले, "बावखल म्हणजे बावखल." तिचा नवरा सिप्रियन म्हणाला, "माझ्या बापाने कधी व्याख्या केली नाही, तरी केळी यायची."

तिच्या तक्त्यांच्या बेरजा तपासून द्यायचे मी कबूल केले होते, म्हणून एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर भुईगावला गेलो. सिप्रियनचे काका, एडवर्ड, ओट्यावर बसले होते. लिडियाने त्यांना सहा नावे वाचून दाखवली. चौथ्या नावाला त्यांनी हात वर केला.

"ते बावखल नाही."

"का, काका? पाणी आहे की त्यात."

"पाणी बादलीतपण असतं. तिथं गाळ काढायला कोण उतरतं? कोणी नाही. मग तो खड्डा."

सिप्रियन हसायला लागला. "मग आपलं काय, काका? बाबा गेल्यापासून कोण उतरलंय?"

"तुमच्याला मी कधी बावखल म्हटलं?" काका म्हणाले.

लिडियाने हातातले कागद मांडीवर ठेवले. हवी होती ती व्याख्या तिला मिळाली होती, आणि त्या व्याख्येत तिचे स्वतःचे बावखल बसत नव्हते.

"दोन्ही काढून टाक," सिप्रियनने सुचवले. "चार उरतात. कोणाला कळणार?"

"चौथं काढते. आपलं नाही."

"मग पाँड लिही आणि झोप."

"उद्यापासून रजा टाकते," ती म्हणाली. "तूही टाक."

त्यांच्या वाडीतल्या बावखलात तीन घरांचा वाटा होता. एक घर वाटा तसाच ठेवून फ्लॅटमध्ये गेले होते, त्यांनी फोनवर शुभेच्छा दिल्या. दुसरे हरेश्वरचे. "माझं बोअरिंगचं पाणी आहे, वहिनी. मला कशाला त्या चिखलात?" तो म्हणाला. लिडिया रोज सकाळी त्याच्या दारावरून फावडे घेऊन जाऊ लागली. शेवटी पाणी उपसायला त्याने आपला पंप आणून लावला आणि मग स्वतःही उतरला. काळा, दाट गाळ टोपल्यांनी वर येऊन केळीच्या बुंध्याशी पडत होता. मी दोन टोपल्या उचलल्या, त्यानंतर मला आदराने झाडाखाली बसवण्यात आले. लिडियाचे हात फोडांनी भरले, तेव्हा तिने फडके गुंडाळले आणि काम चालू ठेवले. तळाशी झरा दिसला त्या संध्याकाळी तिने व्याख्या लिहिली.

'वाडीत माणसांनी खोदलेला गोड्या पाण्याचा साठा, ज्याचे पाणी वाटेकरी घरे पाळीने घेतात आणि ज्याचा गाळ ती मिळून काढतात. गाळ काढणे थांबले की ते बावखल राहत नाही.'

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. हे शास्त्रीय नाही, म्हणाले. लिडियाने विहिरींचा तक्ता पुढे केला. जिथे गाळ निघतो, तिथल्या विहिरींना गेल्या वर्षीच्या मे महिन्यातही पाणी होते. जिथे निघत नाही, तिथल्या, वगळलेल्या चौथ्या खड्ड्याजवळचीही धरून, तळाला गेल्या होत्या. तिच्या स्वतःच्या विहिरीचाही आकडा त्यात होता, खालून पहिला. तिने तो लपवला नव्हता. पर्यावरणशास्त्राच्या बाईंनी तक्ता परत एकदा पाहिला आणि म्हणाल्या, "वाक्य राहू दे." हिलरींनी शब्द फक्त तिरक्या अक्षरांत छापायला सांगितला.

"तिरका तर तिरका," लिडियाने मला सांगितले. "आहे ना जागेवर."

पदवी मिळाली, शाळेनेही शब्द पाळला. आता ती आमच्याकडे अर्धा दिवस असते. परवा तिने पुढच्या मे महिन्यातली रजा आताच मागितली, तेव्हा हरेश्वरशी झालेले बोलणेही सांगितले. तो म्हणाला होता, "आता पुन्हा कशाला, वहिनी? एकदा काढला ना गाळ?"

"एकदा काढला म्हणजे या वर्षापुरतं बावखल," तिने त्याला सांगितले. "पुढच्या वर्षी नाही उतरलो तर खड्डा. छापून दिलंय मी."