बंबावरचा बोंबील

सुका बोंबील भाजल्याचा वास आला की मला पोलादपूरजवळच्या वृद्धाश्रमाची मागची पडवी आठवते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तासांच्या आधी तिथे अंघोळीचा बंब पेटवायला जायचो. आश्रमात मासळीला बंदी होती, आणि हात उचलणाऱ्याला तर थेट बाहेर काढत. एका सकाळी घरदार न उरलेले एक म्हातारे एसटी ड्रायव्हर बंबाच्या निखाऱ्यांवर बोंबील भाजत होते. तेवढ्यात तिथेच राहणारे निवृत्त मास्तर आले. "लाज नाही वाटत?" म्हणत त्यांनी बोंबील लाथेने चिखलात उडवला. ड्रायव्हरांनी त्यांना भिंतीवर आपटलं आणि गळाच आवळला. "खायच्या वस्तूला पाय लावतोस? जित्ता नाय सोडनार तुला!" मास्तरांच्या ओठातून रक्त आलं, डोळे पांढरे झाले. मी कसंबसं सोडवलं आणि दोघांचे दंड धरून मध्ये उभा राहिलो. व्यवस्थापक धावत आले. "कोणी मारलं?" ड्रायव्हरांनी मान खाली घातली. गळ्यावर बोटांचे वळ घेऊन मास्तर म्हणाले, "मी घसरलो." व्यवस्थापक गेल्यावर ते ड्रायव्हरांकडे वळले. "अन्नाला लाथ मारली, ते चुकलं माझं. पण पुन्हा गळ्याला हात लावलास, तर पेटतं लाकूड डोक्यात घालीन." "घाल की, बगतो," ड्रायव्हर म्हणाले. दोघांचे दंड अजून माझ्या हातांत होते, दोघेही सारखाच हिसका देत होते, आणि आधी कोणाला सोडायला हवं होतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.