विगमोर साहेबाचं जांभूळ

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी मी सिंगापूरला गेलो. विमानतळावरच्या अधिकारी बाईंनी येण्याचं कारण विचारलं, तेव्हा मी "मुलगा" असं सांगितलं. खरं कारण जांभळाचं झाड होतं, पण साठी उलटलेल्या माणसाने परक्या देशाच्या दारात असलं काही बोलू नये.

झाड आमच्या गावचं. गाव घाटमाथ्यावर आहे. महाबळेश्वरची हॉटेलं भरली की उरलेले लोक आमच्याकडे येतात आणि तोंड वाकडं करूनच येतात. गावाला नऊ पॉइंट आहेत, त्यातल्या सातांवरून तीच दरी दिसते. आठव्यावर हे जांभूळ उभं आहे, उजवीकडे एक लांब आडवी फांदी टाकून. तीस वर्षं मी हायस्कुलात चित्रकला शिकवली आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारे किती वर्ग या झाडाखाली बसवले त्याची गणती नाही. आता पालिकेला तिथे पार्किंग हवं होतं.

सभेत मी सावलीबद्दल बोललो. धनेश पक्ष्यांबद्दल बोललो, झाडाच्या वयाबद्दल बोललो. सभासद जांभया देत होते. शेवटी वैतागून म्हणालो, "या झाडाचं चित्र एका इंग्रज साहेबाने काढलंय आणि ते सिंगापुरात टांगलंय." नगराध्यक्ष ताठ बसले. "गोऱ्या साहेबाने?" त्यांनी विचारलं. जणू मी इतका वेळ दुसऱ्याच कुठल्या झाडाबद्दल बोलत होतो. निर्णय पुढच्या महिन्यावर गेला. सरांनी पुरावा आणावा, नाहीतर करवत.

साहेबाचं नाव विगमोर. एकोणिसाव्या शतकातला निसर्गचित्रकार. बापाचा लोकरीचा धंदा बुडाल्यावर जहाजात बसला, मुंबईत उतरला, आमच्या घाटात एक उन्हाळा काढला, तापाने फणफणला आणि पुढे सिंगापूरला जाऊन उरलेलं आयुष्य देखावे रंगवत राहिला. त्याच्यावर मी बारा वर्षं पुस्तक लिहितोय. त्याचं मूळ चित्र मी एकही पाहिलेलं नव्हतं, पण आमच्याकडे अभ्यासकाचं तेवढ्यावाचून अडत नाही. माझ्याजवळ होती एक जुनी छापील प्रत: दोन सारखे डोंगर, मधे दरी, पुढे झाड. अडचण एकच होती. छापलेल्या झाडाची फांदी डावीकडे जात होती.

त्यावर माझं उत्तर तयार होतं. ठशावरून छापलं की चित्र उलटं उमटतं, तेव्हा मूळ चित्रात फांदी उजवीकडेच असणार. हा मुद्दा मी पुस्तकात अकरा पानं घोळवला आहे. आता मूळ चित्र पाहायचं, त्याचा फोटो काढायचा आणि सभेपुढे ठेवायचा, एवढंच काम उरलं होतं.

मुलगा निखिल तिथल्या वन-नॉर्थ भागात एका कंपनीत मॅनेजर आहे. त्याच्या कॉन्डोची (बंदिस्त सोसायटीची) बाग कात्रीने कापल्यासारखी आहे. एक पान वाकडं नाही. "बाबा, इथे लँडस्केपची वेगळी टीम असते," तो अभिमानाने म्हणाला. बागेतल्या बाकावर बसू नये अशी पाटी होती, म्हणून आम्ही उभ्याने बाग पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला हॉकर सेंटरला (सरकारी छपराखाली ओळीने मांडलेल्या खाण्याच्या टपऱ्या) नेलं. तो रांगेत उभा राहिला आणि मला जागा धरायला पाठवलं. एका टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलं होतं. घामाने मी भिजलो होतो. ही सोय सरकारचीच समजून मी पाकीट फोडलं आणि चेहरा, मान, टक्कल असं क्रमाने पुसून काढलं. तेवढ्यात ताट घेऊन एक चिनी बाई आल्या.

"अंकल, धिस टेबल चोप ऑलरेडी, ला!"

चोप म्हणजे जागा धरणं. पाकीट ठेवलं की टेबल ठेवणाऱ्याचं, मग तो खुशाल फिरून येतो आणि कुणी पाकिटाला हात लावत नाही. माझ्या हातात बाईंचा शेवटचा रुमाल होता. निखिलने येऊन माफी मागितली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, सरकून जागा करून दिली आणि काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड मुरंबा लावलेला पाव) कसा खायचा तेही शिकवलं. टोस्ट बरा होता. सोबतची अर्धकच्ची अंडी मी निखिलकडे सरकवली.

तिथून रॅफल्स प्लेसकडे चालत निघालो. वाटेत एक प्रचंड पर्जन्यवृक्ष दिसला. त्याला स्वतःची पाटी होती, विजेपासून रक्षणाला तार बसवलेली होती. त्याचं कुणी चित्र काढलंय का हे मी पाटीवर शोधलं. तसं काही नव्हतं. केवळ झाड आहे म्हणून त्याला जपलेलं पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला आमच्या सभासदांच्या जांभया आठवल्या आणि रागच आला.

चित्रं एका खासगी संग्रहात होती. तिथे चित्रांची डागडुजी करणारी सुजाता ही नागपूरची मुलगी आहे, हे मला ईमेलमधून कळलं होतं. तिशीची असेल. पांढरा कोट, कपाळावर भिंग.

"या ना सर, बसा. प्रवास बरा झाला ना?" म्हणाली आणि मी बसायच्या आतच तिने पडदा बाजूला केला.

समोर आमचा घाट होता. दोन डोंगर, दरी, संध्याकाळचा पिवळा उजेड. मी दोन पावलं पुढे सरकलो. मग मी झाडाकडे पाहिलं. फांदी डावीकडे होती.

"पण छापील चित्रातही डावीकडेच आहे!" मी म्हणालो.

"हो सर. छापणारे हुशार होते. ठशावर मुद्दाम उलटं कोरायचे, म्हणजे कागदावर सुलटं येतं."

माझी अकरा पानं एका वाक्यात निकालात निघाली. पण तिचं संपलं नव्हतं. तिने शेजारच्या तीन चित्रांवरचे पडदे सारले. सिंगापूरचं बंदर. जायफळाची बाग. जावाचा ज्वालामुखी. चारही चित्रांत तेच झाड, तीच फांदी, डावीकडे. झाडाखाली तीच तीन माणसं त्याच बैठकीत. घाटात त्यांना पागोटी होती, बाकी ठिकाणी वेताच्या टोप्या.

"असं कसं?" माझा आवाज चिरकला.

"काय सांगू जी सर. डोंगर तो जागेवर जाऊन काढायचा. झाड मात्र घरचं." तिने एक जुनी वही हळूच उघडली. पानावर नदीकाठचा ओक होता. जहाजात बसण्याआधी, आपल्या गावी काढलेला. रेषेरेषेवर टाचणीने भोकं पाडलेली, रांगोळीच्या छाप्याला असतात तशी. "हा कागद कॅनव्हासवर ठेवायचा, वरून कोळशाची पूड घासायची. झाड तयार. चित्रं घेणारे साहेब लोक विलायतेला परत जायचे. तिथे कोण तपासणार?"

बारा वर्षं मी ज्याची भक्ती केली, तो माणूस छाप्याने झाडं काढत होता! माझ्या वर्गातल्या एखाद्याने असं केलं असतं, तर मी त्याला दाराबाहेर उभा केला असता. मी तिला झाडाची सगळी हकिकत सांगितली, पार्किंगसकट. तिने बंदराच्या चित्राकडे बोट केलं.

"बंदराचं चित्र ज्या टेकडीवरून काढलंय ना सर, ती टेकडीच आता नाही. कापून समुद्रात भराव घातला," ती म्हणाली. "मी तुम्हाला खोटं लिहून नाही देणार. पण त्या जांभळाचा फोटो मला पाठवा. साहेबाने पाहिलंच नाही ते, मला तरी पाहू द्या."

मी घाटाच्या चित्राचा फोटो काढला आणि निघालो.

संध्याकाळी घरी निखिलला सगळं सांगितलं. तो हसला. "बाबा, एवढंच ना? दे इकडे." त्याने माझ्या फोनवर एकदा बोट टेकवलं आणि फांदी उजवीकडे गेली. दोन्ही डोंगर सारखेच असल्यामुळे घाटाला काही फरक पडला नाही. हुबेहूब आमचं जांभूळ!

"ही लबाडी आहे."

"आम्ही क्लायंटला डेमो असाच देतो."

"नकलेचे गुण कापण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत, निखिल."

"मग पुसून टाक," तो म्हणाला.

मी पुसला नाही. पुढचे चार दिवस लिटिल इंडियात फिरलो, देवळं पाहिली, शेजाऱ्यांसाठी नखं कापायची यंत्रं घेतली. खिशात दोन फोटो होते, एक सुलटा आणि एक उलटा, आणि कुठला दाखवायचा ते ठरत नव्हतं. परतीच्या विमानात मी ठरवलं की खरं सांगायचं. तसं पाठही केलं.

सभेला गेलो तर टेबलावर झाड तोडण्याच्या ठरावाचा कागद टाइप होऊन पडला होता. फक्त सही बाकी. बाहेर ट्रॅक्टर उभा होता. पाठ केलेलं सगळं मी गिळलं आणि उलटा फोटो पुढे केला.

नगराध्यक्षांनी चष्मा लावला. "फांदी तीच," ते म्हणाले. सगळ्यांनी फोन हातोहात फिरवला. ज्यांनी या झाडाखाली बसून माझ्याकडून चित्रकलेचे गुण घेतले होते, ते सभासदही आज पहिल्यांदा पाहिल्यासारखे मान डोलावत होते. झाडाला एकमताने 'वारसा' ठरवलं गेलं. पार्किंग नवव्या पॉइंटवर गेलं. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. हे झाड स्वतःच्या सावलीवर वाचलं नाही, त्याला न पाहिलेल्या साहेबाची खोटी साक्ष लागली, याची चीड माझ्या मनातून अजून जात नाही.

महिन्याभरात झाडापुढे फलक लागला. सहा फूट रुंद, माझाच फोटो मोठा करून छापलेला, वर साहेबाचं नाव आणि खाली सगळ्या सभासदांची नावं. उद्घाटनाला पर्यटनाचे कुणी साहेब आले होते. भाषणं झाली, पेढे वाटले. मी कबूल केल्याप्रमाणे झाडाचा फोटो सुजाताला पाठवला. त्यात फलकही आला होता.

अर्ध्या तासात तिचं उत्तर आलं: "सर, झाड फारच सुंदर आहे. साहेबाच्या ओकपेक्षा कितीतरी सरस. फक्त फलकाच्या डाव्या कोपऱ्यात त्याची सही उलटी आली आहे. तिथे एखादा वेल चढवा."

मी धावत गेलो. खरंच होतं. आरशात वाचावी लागतील अशी वीतभर अक्षरं, भर रस्त्यावर. नगराध्यक्ष, सभासद, इंग्रजीचे मास्तर, सेल्फी काढणारे शेकडो प्रवासी, कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं. आजवर गेलेलं नाही.

त्या कोपऱ्यात मी कृष्णकमळाचा वेल लावला आहे. रोज सकाळी कळशी घेऊन जातो आणि त्याला पाणी घालतो. जाणारे-येणारे थांबून म्हणतात, सर झाडासाठी किती करतात.