पाठकोरे कागद

बाईंनी माझी वही दोन बोटांत धरून वर केली. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात, तशी.

"हे काय आहे?"

"वही, बाई."

"ही वही?"

वर्ग हसला. मी सातवीत होते. शाळेत स्वच्छता सप्ताह चालू होता आणि बाई निबंध तपासत होत्या. विषय फळ्यावर तसाच होता. 'माझा स्वच्छ परिसर'.

वही आईने शिवलेली होती. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, वॉर्ड ऑफिसात झाडलोट करायचे. बदली कामगार. कायमचा माणूस रजेवर गेला की यांना बोलावणं यायचं. ऑफिसच्या टोपल्यांत पाठकोरे कागद पडायचे. एका बाजूला लिहिलेलं, दुसरी बाजू स्वच्छ. ते सगळे मागे नेऊन जाळायचे. दादांनी एकदा हेडक्लार्कला विचारलं, पोरीसाठी नेऊ का? तो म्हणाला, ने. तेव्हापासून आमच्या घरात विकतची वही आली नाही. आई एकेक कागद मधोमध दुमडायची. लिहिलेली बाजू आत, कोरी बाहेर. मग उघड्या कडा एकत्र धरून दाभणाने शिवायची. प्रत्येक पान दुहेरी. आतली शाई जराशी उमटायची. आत काय लिहिलंय हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे काहीच वाया जात नसे. करवंट्या चुलीत जायच्या, चुलीतली राख भांड्यांना. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, जोडून आई छपराची भोकं झाकायची. आमच्या घरातला दिवसाचा कचरा तिच्या ओंजळीत मावला असता.

बाईंनी पानाच्या घडीत फूटपट्टी घातली आणि ओढली. पान टर्रकन फाटून उघडलं.

"अरे वा. अर्ज आहे," बाई म्हणाल्या. आणि मोठ्याने वाचू लागल्या.

'मेहेरबान वॉर्ड ऑफिसर साहेब यांस. आम्ही खाणीजवळच्या वस्तीतले रहिवाशी. समोरच्या सोसायटीचा कचरा रोज आमच्या गल्लीच्या तोंडाशी टाकतात. ढीग छातीएवढा झाला आहे. मुले आजारी पडतात. तरी साहेबांनी कचऱ्याची पेटी द्यावी व गाडी पाठवावी, ही विनंती.'

पहिल्याच ओळीला मी ओळखलं. तो अर्ज मीच लिहिला होता, दिवाळीच्या सुट्टीत.

अंधेरीला एक बंद पडलेली दगडाची खाण होती, तिच्या काठावर आमची वस्ती. आमच्या झोपडीच्या पत्र्याला आतून मोर्चांची, सभांची पत्रकं चिकटवलेली होती, वारा अडवायला. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. कमळ हा शब्द मला येण्याआधी अन्याय हा शब्द येत होता. म्हणून वस्तीतल्या बायकांनी अर्ज मला लिहायला सांगितला. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. खाली अंगठे. पहिला अंगठा दादांचा. दादांनीच तो ऑफिसात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला होता. घरी येऊन म्हणाले होते, आता पेटी येईल.

बाई राहायच्या त्याच सोसायटीत. माझ्या बाकावरची मेधासुद्धा.

"आमचा कचरा?" बाई म्हणाल्या. "तुम्ही लोक आलात तिथे, तेव्हा घाण आली. आम्ही आलो तेव्हा नव्हती."

मेधा बाकावर जराशी सरकून बसली. माझ्यापासून लांब.

"अक्षर तुझंच आहे ना गं?"

"नाही, बाई."

"मग कुणाचं?"

"माहीत नाही."

"आणि हे ऑफिसचे कागद तुझ्याकडे कसे?"

मी म्हणाले, "वडील उचलून आणतात. कुठून ते मला नाही माहीत."

मला खरं माहीत होतं. हेडक्लार्क 'ने' म्हणाला होता, हे मला पाठ होतं. तरी मी तसं म्हणाले. कारण वर्ग हसत होता आणि तो थांबायला हवा होता. एवढ्यासाठी मी बापाला चोर केलं.

"उद्या वडिलांना घेऊन ये," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी ऑफिसला पत्र लिहीन."

बदली कामगाराला काढायला पत्रसुद्धा लागत नाही. पुढच्या वेळी बोलवायचं नाही, झालं. हे मला बाराव्या वर्षी समजत होतं. घरी मी एवढंच सांगितलं की बाईंनी बोलावलंय.

दादांनी दुसऱ्या दिवशीची बदली सोडली. धुतलेला खाकी शर्ट घातला, केसांना तेल लावलं. वाटेत मला म्हणाले, "नंबर आला काय गं?"

मी भरभर पुढे चालू लागले. त्यांना वाटलं, लाजतेय.

वर्गाच्या दाराशी त्यांनी वहाणा काढल्या. बाईंनी त्यांना आत बोलावलं नाही. पन्नास पोरांसमोर उंबऱ्याबाहेर उभं ठेवून विचारलं, "तुमची मुलगी म्हणते, तुम्ही सरकारी कागद उचलून आणता. खरं आहे?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग हात जोडले.

"चुकलं बाई. परत नाय आणणार."

हेडक्लार्कने दिलेत, एवढं एक वाक्य त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर मी खोटी पडले असते. मला झाकायला तो माणूस चोर व्हायला तयार झाला, आणि मी खाली मान घालून बाकावरची शाई नखाने खरवडत होते.

किती वेळ खरवडत होते, आठवत नाही. मग उभी राहिले.

"बाई, काल मी खोटं बोलले. कागद ऑफिसनेच दिलेत. ते जाळणार होते."

"बस खाली."

"अर्ज मी लिहिलाय. अक्षर माझं आहे. पहिला अंगठा यांचा आहे. कचरा तुमच्या सोसायटीचा आहे, बाई. मी रोज त्याच्या कडेने शाळेत येते."

"वर्गाबाहेर हो."

टेबलावरची वही मी उचलली आणि बाहेर पडले. व्हरांड्यात थांबले नाही. दादांबरोबर चालू लागले.

ते रागावतील, निदान एक थोबाडीत देतील, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ते ढिगापर्यंत चालत आले. तिथे थांबले.

"काय लिवलंय त्यात? वाच."

मी वाचलं. माशा घोंगावत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी वही हातात घेतली, उलटी धरली, मी सरळ करून दिली. ते अंगठ्यांकडे बघत राहिले.

"ह्यातला माझा कुठला?"

मी दाखवला.

"म्हंजे मीच दिला," दादा म्हणाले, "आन् मीच परत आणला."

त्या दिवशी आईने ब्लेडने माझ्या सगळ्या वह्यांचे टाके कापले. पानं उलगडून जमिनीवर पसरली. आमचे आणखी दोन जुने अर्ज निघाले, दोन्ही माझ्याच अक्षरातले. बाकीचे दुसऱ्या वस्त्यांचे. कुणाला नळ हवा होता, कुणाला गटारावर झाकण. सगळ्यांखाली अंगठे. त्यांच्या पाठीवर माझी गणितं. नद्यांची नावं. एका पानावर लाल शाईत दहापैकी दहा. त्या माणसांची तोंडं आत दुमडून मी वर्षभर अभ्यास केला होता, आणि शाई उमटलेली दिसत असूनही एकदाही आत डोकावले नव्हते.

त्यानंतर कितीतरी दिवस दादांना बदलीवर बोलावणं आलं नाही. बाईंनी पत्र लिहिलं की नाही, ते कळलं नाही. आई त्याच सोसायटीत भांडी घासायला जाऊ लागली.

मी अर्ज पुन्हा लिहिला. कागदाच्या दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत. समासातसुद्धा. आई, वस्तीतल्या बायका आणि मी तो घेऊन ऑफिसात गेलो. दादा दाराशी उभे राहिले. टेबलावरच्या क्लार्कने कागद उलटून पाहिला.

"मागे कशाला लिहिलंस? एका बाजूला लिहायचं असतं."

"एक बाजू कोरी राहिली की अर्ज आमच्याच घरी परत येतो, साहेब."

तो हसला नाही. मी नक्कल पुढे केली. "ह्याच्यावर पोच द्या. शिक्का मारून."

तो जेवायला गेला. बायका तिथेच फरशीवर बसल्या. तो परत आला, आम्ही तिथेच होतो. शिक्का मिळाला. ढीग त्या वर्षी हलला नाही.

आज मी एकोणीस वर्षांची आहे. दादांची माफी मी अजून मागितलेली नाही. त्यांनीही तो विषय काढलेला नाही. उंबऱ्याबाहेर जोडलेले ते दोन हात मला विसरायचे नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

आसपासच्या वस्त्यांतले लोक अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. अंगठा लावायच्या आधी प्रत्येकाला मी तो वाचून दाखवते. पाठ कोरी सोडत नाही. दुसरी बाजू भरायला काही उरलं नाही, असं अजून एकदाही झालेलं नाही.