परवाना सुनेच्या नावावर

पोलिसातल्या नोकरीत खुनापासून दरोड्यापर्यंत बरंच काही पाहिलं. तरी निवृत्तीनंतर रिकामा बसलो की डोळ्यांसमोर येतो तो एका औषध दुकानाचा पंचनामा.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. कागलची पंचतारांकित एमआयडीसी उभी राहत होती आणि आमच्या हद्दीतल्या गावांत नवी शटरं उघडत होती. दुकान काढायचं तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि शॉप अ‍ॅक्टचं लायसन लागायचं. औषधाचं दुकान असेल तर औषध प्रशासनाचा परवानाही हवा, आणि तो मिळायला नोंदणी झालेला फार्मसिस्ट. बाकीचं सगळं हेलपाटे घालून जमतं. फार्मसिस्ट मात्र शिकलेलाच लागतो.

अशाच एका दुकानातून गोळ्या नेलेला, गिरणीतून निवृत्त झालेला एक गृहस्थ सरकारी रुग्णालयात मरण पावला. पोटात जळजळ होते म्हणून तो डॉक्टरांकडे गेला होता. चिठ्ठी घेऊन एकटाच दुकानात गेला, गोळी घेतली, धड न जेवता झोपला आणि सकाळी हलवूनही शुद्धीवर आला नाही. बायकोने गोळ्यांची पट्टी पदरात बांधून रुग्णालयात आणली होती. त्या गोळ्या रक्तातली साखर उतरवणाऱ्या निघाल्या. दोन औषधांच्या नावांत जेमतेम एका अक्षराचा फरक होता. आम्ही आधी आकस्मिक मृत्यूची नोंद केली, वैद्यकीय अभिप्राय आल्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा मालक सुनेला घेऊन स्वतःच ठाण्यात हजर झाला. मालक म्हणजे साठीचा, पांढऱ्या टोपीतला, नीट बोलणारा माणूस. परवान्यावर फार्मसिस्ट म्हणून सुनेचं नाव होतं आणि तिचा फोटो दुकानाच्या भिंतीवर लावलेला होता. गोळ्या तिनेच दिल्या, चूक झाली, असं त्यानं सांगितलं. सून मान खाली घालून उभी होती. मी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "व्हय, मीच दिल्या."

तपास संपला असं माझ्या हवालदाराला वाटलं. मला ते पटेना. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हा एक भाग झाला. दुसरं म्हणजे, गुन्हा केलेला माणूस आधी आडवळणं घेतो, कारणं सांगतो. हिनं गर्दी होती का, अक्षर वाचता आलं नाही का, यांतलं काहीच सांगितलं नाही. मी तिचा जबाब नोंदवून घेतला आणि महिला शिपायाबरोबर तिला सूर्यास्ताआधी घरी पाठवलं.

त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज होता. नाव सांगायला तयार नव्हती. "भिंतीवरचा फोटो धरून काय करताय साहेब? दुकानात कोण बसतंय ते बघा की," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

सकाळी दोन पंच, औषध निरीक्षक आणि महिला शिपाई यांना घेऊन मी दुकानात गेलो. सासरा, त्याचा धाकटा मुलगा आणि सून तिघंही हजर होते. थोरला मुलगा, म्हणजे तिचा नवरा, नोकरीनिमित्त परगावी असायचा. सून दुकानाच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं उभी होती. गोळ्या कुठून काढल्या ते आत जाऊन दाखवा, असं मी तिला सांगितलं.

आत जायला काउंटरच्या टोकाला उचलायची फळी होती. तिनं ती वर ओढली. उचलेना. मग पुढे ढकलून पाहिली. फळीला आतून खालच्या अंगाला कडी होती, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिची धडपड पाहून धाकट्या दिराचा हात सवयीनं काउंटरखाली गेला आणि त्यानं न बघता कडी सरकवली. पुढच्याच क्षणी त्यानं हात मागे घेतला, पण पंचांनी आणि मी ते पाहिलं होतं. सासऱ्यानं डोळे मिटून घेतले.

मी महिला शिपायाला बरोबर घेऊन तिला दुकानावरच्या माडीत, त्यांच्या घरच्या स्वयंपाकघरात बसवलं आणि कोणती गोळी दिली होती ते विचारलं. तिला सांगता येईना. ज्या चुकीची कबुली तिनं दिली होती, ती चूक नेमकी काय होती हेही घरात तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी औषधाचं नाव सांगितलं. ती रडायला लागली.

"ती चिठ्ठी माझ्या हातात आली असती तर माणूस वाचला असता, साहेब. मी वर भाकऱ्या थापत होते."

मग सगळं बाहेर आलं. डिप्लोमा झालेली मुलगी म्हणूनच तिला मागणी घातली होती. लग्नानंतर परवाना निघाला आणि ती माडीवर राहिली. घरची सून चारचौघांत काउंटरवर बसलेली सासऱ्याला चालत नव्हती. गोळ्या दिराने दिल्या होत्या. त्याचं लग्न ठरलेलं. कोर्ट बाईमाणसाकडं दयेनं बघतं, तू अंगावर घे, नाहीतर पोरीला इथं ठेवून माहेरी जा, असं तिला सांगण्यात आलं होतं. पोर अजून अंगावर पीत होती.

"आणि कागदावर मीच हाय की," ती म्हणाली. "मग गुन्हा दुसऱ्याचा कसा म्हणायचा?"

दिराची चौकशी करायला फार वेळ लागला नाही. खुर्चीवर बसला आणि कोसळलाच. आपल्याला ते अक्षर लागलं नाही, पण वर जाऊन वहिनीला विचारायची लाज वाटली, असं त्यानं सांगितलं. सासरा मात्र शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला, "सगळेच असं चालवत्यात साहेब. आमचंच नशीब फुटलं." त्यात काही खोटं नव्हतं, आणि हे ऐकताना मला अधिक वाईट वाटलं.

दिराला शिक्षा झाली. सासऱ्यालाही पुरावा दडवल्याबद्दल आरोपी केलं होतं, तो सुटला. सुनेला मी साक्षीदार केलं. माझ्या हातात तेवढंच होतं. परवान्यासोबत तिची फार्मसिस्टची नोंदणीही गेली. दुकानात न बसता आपलं नाव वापरू दिलं, हा तिचा दोष नियमाप्रमाणे खराच होता. मयताच्या बायकोला निकाल सांगायला मी स्वतः गेलो होतो. तिनं ऐकून घेतलं, आणि मला पाणी विचारलं.

या प्रकरणानंतर एक सवय लागली. खानावळ असो की लॉज, पोलीस ठाण्याच्या अभिप्रायासाठी अर्ज आला की मी कागद बाजूला ठेवून विचारायचो, गल्ल्यामागे रोज कोण बसणार? त्याला घेऊन या. लोक वैतागायचे. कागदपत्रं पुरी असताना साहेब अडवतात, अशा तक्रारीही वरपर्यंत गेल्या. पण परवान्यावरचं माणूस आणि काम करणारं माणूस यांच्यामध्ये जी जागा राहते, तिथं कुणाचा तरी जीव जाऊ शकतो, हे मी त्या दुकानात शिकलो होतो.

काही वर्षांनी एमआयडीसीत बंदोबस्ताला असताना एका कारखान्याची पाळी सुटली, तेव्हा बाहेर पडणाऱ्या बायकांत ती दिसली. तिनंच ओळख दिली. माहेरी राहते, पॅकिंगला जाते, मुलगी शाळेत घातली आहे, असं सांगितलं. पुन्हा नोंदणीसाठी अर्ज करून बघा, मी कुठं भेटायचं ते सांगतो, असं मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "नको साहेब. कुणी चिठ्ठी घेऊन म्होरं उभं राहिलं, तर माझा हातच उचलायचा न्हाय आता."

बस आली, आणि ती बायकांबरोबर चढून गेली.