बुडीत नसलेल्या वाडीचा डोंगा

माझ्या मायवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगतो, उगाच कुणी मोघम म्हणायला नको. धरणात पहिल्यांदा पाणी अडवलं त्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळच्या वेळी. माय भाजीची टोपली डोक्यावर घेऊन मोताळ्याच्या बाजाराला निघाली आणि नाल्याच्या उतारावर तिला दिसलं की तिची वाट पाण्यात शिरली आहे. पलीकडे वाट पुन्हा पाण्यातून वर निघत होती, लांब, बारीक. माय टोपलीसकट तिथंच उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. नोटीस आली होती ती खालच्या वावराची. वाटेची नोटीस काढायची असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खालचं वावर गेलं, त्याचा मोबदला मिळाला, त्यावर माझी तक्रार नाही. घर आणि वरचा मळा राहिला. वाडीतले बाकीचे लोक एकेक करून सोयऱ्याधायऱ्यांकडे निघून गेले. जाताना दारं, चौकटी, वासेसुद्धा काढून नेले. बाप आधीच गेलेला. उरलो मी आणि माय, आणि दारं नसलेली घरं.

मी कचेरीत गेलो. म्हटलं, रस्ता द्या, नाहीतर दुसरीकडे जागा द्या. कारकुनानं नकाशा उलगडला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुमची वाडी बुडीत नाही."

"वाट बुडाली नं!"

"वाट बुडीत धरत नाहीत, वाडी धरतात. वाडी कोरडी आहे तुमची. खूश राहा की."

मी पत्रकं काढणारा माणूस. मलकापूरला आमचं चारदोन पोरांचं टोळकं होतं, पायानं हाणायच्या यंत्रावर आम्ही पत्रकं छापायचो. आमच्या बुडालेल्या वाटेबद्दल मी एक पत्रक लिहिलं. 'मुर्दाड कारभार' वगैरे सगळं त्यात होतं. स्टँडवर वाटलं. संध्याकाळी त्याच स्टँडवर मी भजी घेतली, ती त्याच पत्रकात बांधून मिळाली. निदान वाचायला दुसऱ्यांदा मिळालं.

मायला बाजार कशाला हवा होता, हे नीट समजून घ्या. वांगी विकायला, हे खरं, पण तेवढंच नाही. आमच्या वाडीत आता बोलायला माणूस नव्हतं. मी बोलायचो ते अन्यायावर, आणि त्यावर ती किती वेळ हूं हूं करणार? तिचं बोलणं बाजारात व्हायचं. कडुनिंबाखाली तिची बसायची जागा, डावीउजवीकडे त्याच त्या बाया, त्यांच्या सुना, त्यांचे गुडघे, त्यांची लग्नं. बाजाराच्या दिवशी सकाळी माय अजूनही धुतलेलं लुगडं नेसायची आणि ओट्यावर येऊन बसायची. दुपार झाली की उठून लुगडं बदलायची. ते मला बघवत नव्हतं.

टेकडीवरून वळसा घालून एक पायवाट होती. मी जायचो. मायच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नव्हता. म्हणून मी डोंगा केला. रस्त्याच्या कामावरचे डांबराचे रिकामे पिंप उघडून, ठोकून सपाट केले, बाभळीच्या चौकटीवर बसवले. पण पाणी चढलेलं असताना झाडांची शेंडकी लागायची आणि दिवाळीनंतर पाणी उतरलं की खाली नुसता गाळ. पाय ठेवला तर मांडीपर्यंत आत, आणि त्यावर वीतभर पाणी, शेवाळाच्या दोऱ्यांनी भरलेलं. वल्हं फिरायचं नाही. बांबू रोवला तर बांबू तिथंच राहायचा आणि डोंगा पुढे जायचा. चालायला ओलं, तरंगायला कोरडं. असल्या जागेसाठी इंजिन पाहिजे होतं.

पाणी उपसायचं एक लहान इंजिन मला मलकापूरच्या भंगारात मिळालं. पेट्रोलवर सुरू करायचं, रॉकेलवर चालवायचं, दोरी ओढली की भडकायचं. हवेवरच थंड होणारं, म्हणजे गाळाचं पाणी त्याच्या पोटात जायची भानगड नाही. त्याला मागे लांब दांडा जोडायचा, चुलीच्या फुंकणीसारख्या नळीतून, आणि दांड्याच्या टोकाला पंखा. सगळं डोंग्याच्या मागच्या कडेवर एका खिळीवर तोलायचं, तागडीच्या दांडीसारखं: आतल्या बाजूला इंजिन, बाहेरच्या बाजूला पंखा. इंजिन दाबलं की पंखा वर. मग पाणी वीतभर असो की गाळ असो, पंखा वरच्या वर चालतो.

वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रीनं हे चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "काऊन बे, डोंग्याले शेपूट लावून राह्यला का?"

"हाव."

"मंग शिंगंही लावून देतो. पोळ्याले मिरवजो."

टोळक्यातले मित्र तर त्याच्याही पुढे. "लढा सोडून खेळणे काऊन बनवून राह्यला?" एक जण म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू माझ्या घरी ये, आठवडाभर राहा, मग विचार. तो आला नाही. कुणीच आलं नाही. सगळा हिवाळा मी ओसाड गोठ्यात एकटा कानस घासत बसलो. मधूनच माय दाराशी यायची, उभी राहायची, जायची.

पंखा मी भंगारात मिळालेल्या, मेजावर ठेवायच्या विजेच्या पंख्याचा काढून लावला होता. वीज आमच्याकडे नव्हती, पंखा मी कचेरीत पाहिलेला, साहेबाच्या तोंडासमोर. पंखा म्हणजे बसणाऱ्याकडे तोंड करून ठेवायचा, एवढंच मला माहीत. तसाच बसवला. डोंग्यात बसून दोरी ओढली. इंजिन ओरडलं, आणि पंख्यानं पाणी माझ्याकडे फेकलं, आणि डोंगा शेपटाच्या दिशेनं मागे निघाला. मी पुढे हात करतोय, डोंगा मागे. काठावरच्या चिखलात शेपूट रुतलं, पाती दुमडली, इंजिन बंद.

माय काठावर होती. कित्येक महिन्यांनी हसली. "अरे, बाजार तिकडे हाये. तू मले माहेरी नेऊन राह्यला का?"

तिचं माहेर खरंच त्या दिशेला होतं. मीही हसलो. इंजिनाचा आवाज थांबला की आमच्या वाडीत शांतता किती आहे ते कळायचं. इंजिन नव्हतं तेव्हा इतकं कळत नव्हतं.

दुमडलेली पाती फेकायला गोठ्याच्या मागे गेलो, तर तिथं बापाचा वखर पडलेला. त्याचं वावर पाण्याखाली, बैल विकलेले. पण पास शाबूत होती, जमिनीखालून गवत कापत जाणारी ती लोखंडी पट्टी, जन्मभर मातीतून फिरून घासून पांढरी झालेली. गाळात पंखा कशाला, मला वाटलं, गाळात पासच पाहिजे. मिस्त्रीनं ती तापवून दोन तुकडे केले, पिळले, दांड्याच्या टोकाला जोडले. या वेळी तोंड मी उलटं लावून घेतलं. मिस्त्री म्हणाला, "आता साहेबाले वारा नाही लागत." मी म्हटलं, नकोच.

आणि ते चाललं. शेवाळ कापत, गाळ उडवत, भयानक आवाज करत. मागे काळ्या पाण्याची शेपटी उठायची. माय धुतलेलं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, टोपली मांडीवर घेऊन पुढे बसली होती. माझ्याकडे तिची पाठ. पलीकडच्या काठाला लागल्यावर तिनं चिखलानं भरलेले पाय एका दगडावर घासले आणि माझ्याआधी चालू लागली.

कडुनिंबाखाली तिची जागा नव्हती. म्हणजे झाड होतं, बाया होत्या, फक्त मधली फट बुजली होती. पाटीला पाटी लागलेली. शेजारची बाई, माय जिच्या सुनेचं बाळंतपण ऐकत बसायची ती, वर बघून दचकली.

"अवो माय! तुमी? तुमची वाडी तं बुडाली नं?"

"नाही वो. आमी हावो की."

"आमाले वाटलं बुडाली. सगळे म्हणतेत. आमी तं तुमचं नावच काढत नाही आता."

ती बाई वाईट नव्हती. हसली, मायचा हात धरला, हळहळली. पण पाटी सरकवली नाही. उजवीकडचीनंही नाही. माय पार कडेला, टांगे उभे राहतात तिथं बसली. वांगी विकली गेली. बोलायला कुणी नव्हतं. लांबून कडुनिंबाखालचं हसणं ऐकू यायचं, तिकडे ती बघायची. कोणाच्या लग्नावर हसताहेत ते तिला ठाऊक नव्हतं. ती लग्नं तिच्याशिवाय झालेली.

परत येताना इंजिनाच्या आवाजात ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी इंजिन बंद केलं.

"कचेरीत म्हणतेत बुडाली नाही," ती म्हणाली, "बाजारात म्हणतेत बुडाली. मंग आपण हावो कुठं?"

डोंगा गाळावर तसाच थांबला होता.

पुढच्या बाजारी ती लुगडं नेसून ओट्यावर बसली, पण डोंग्याशी आली नाही. म्हणाली, "जाऊन काय करू? तिथं बी मी एकलीच."

डोंगा तयार आहे. इंजिन एका ओढीत सुरू होतं. माझ्या हातात होतं ते मी केलं, आणि कचेरीशी माझं भांडण वेगळं चालूच राहील. पण हे पत्रक कचेरीसाठी नाही. तुम्ही मोताळ्याच्या बाजारात बसणारे, तुम्ही तिथं भाजी घेणारे, तुमच्यासाठी आहे. आमची वाडी बुडालेली नाही. तसं म्हणणाऱ्याला तिथल्या तिथं अडवा. आणि येत्या बाजारी एक म्हातारी पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन कडुनिंबाखाली येईल. तिला आणायचं मी बघतो. तुम्ही हळहळू नका, हात धरू नका. तुमची पाटी उचला आणि हातभर सरका.