आधी बादल्या, मग मासे

ह्यांची साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी संपली, त्या हिवाळ्यात आम्ही दोघं मालवणला गेलो होतो. तिथे होडीतून खडकापाशी नेतात, तोंडावर काचेचा मुखवटा चढवतात आणि पाण्यात डोकं घालून खाली बघायला सांगतात. मी बेलापूरची, प्रवरेच्या पाण्यातसुद्धा पाय जपून घालणारी. पण त्या दिवशी कुणी आग्रह करायच्या आत उतरले. हे मात्र माझी पर्स आणि चपला सांभाळत होडीतच बसले.

खाली काय दिसलं ते मी परतीच्या वाटेवर सांगत राहिले. कोल्हापूर गेलं, पुणं गेलं, तरी माझं सांगणं संपेना. खडकावर फुलं उगवावीत तशी पोवळी, आणि त्यांच्यातून फिरणारा एक काळा-पिवळा मासा. त्याच्या पाठीवर पांढरा लांब तुरा होता आणि तो पताकेसारखा हलायचा. हे ऐकत होते आणि मधूनमधून हं म्हणत होते.

घरी आल्यावर एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "तसला एक लहानसा तुकडा घरात करता येतो म्हणे. खाऱ्या पाण्याची टाकी. करायची का आपण?"

मला वाटलं, आठवड्याभरात मासे येतील. पण ज्या माणसानं सगळी नोकरी रस तपासल्याशिवाय पुढं जाऊ न देण्यात काढली, तो असा घाईनं थोडाच ऐकणार? मासे आले ते दिवाळीच्या तोंडावर.

पहिला वाद टाकीच्या आकारावरून झाला. मला टीव्हीशेजारी मावेल एवढीशीच हवी होती. नवखे आहोत, तर लहानावर हात बसवावा, असं माझं म्हणणं. हे म्हणाले, गोड्या पाण्यात एकवेळ चालेल, खाऱ्यात उलटं असतं. पाणी थोडं असलं की पटकन तापतं, आणि वाफ झाली की मीठ मागं राहून पाणी जास्तच खारं होतं. वाटीभर आमटी आटली की लगेच खारट लागते, पातेलंभर आमटीला वेळ लागतो, असं त्यांनी सांगितल्यावर मी वाद सोडला. तीन फूट लांबी ठरली.

टाकी करायचं काम ह्यांच्या शाळासोबत्याकडं गेलं. त्यांचं काचेचं आणि खिडक्यांचं दुकान आहे, आणि ईदला त्यांच्याकडून आमच्याकडं शीरखुर्मा येतो. त्यांनी आधी आम्हाला परावृत्त करायचा प्रयत्न केला. मला म्हणाले, "वहिनी, गोड्या पान्यातलं मासं ठिवा की. समिंदर घरात आनून काय करता?" पण मी मालवणचं वर्णन सुरू केल्यावर ते गुपचूप फूटपट्टी काढून मापं लिहायला लागले. टाकी तयार झाल्यावर त्यांनी ती दुकानामागं पाणी भरून बरेच दिवस ठेवली, आणि एकही थेंब झिरपला नाही याची खात्री झाल्यावरच आमच्या स्वाधीन केली.

तोवर उन्हाळा पेटला होता. पोवळ्यांना पाणी सव्वीस अंशांच्या आसपास लागतं आणि आमच्याकडं दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. पाणी गार करायचं यंत्र घेण्याआधी घरातली सगळ्यात थंड जागा शोधायची, असं ह्यांनी ठरवलं. मग प्रत्येक खोलीत एकेक बादली पाणी भरून ठेवलं आणि हे थर्मामीटर घेऊन सकाळ-दुपार-संध्याकाळ फेऱ्या मारायला लागले. बैठकीत बादली, झोपायच्या खोलीत बादली, देवघरासमोरसुद्धा बादली. तिसगावची माझी नणंद त्याच दिवसांत राहायला आली. दारातून आत पाऊल टाकते तोच बादलीला ठेचकाळली. वर छताकडं बघत म्हणाली, "वैनी, ऐन उनाळ्यात घर कसं काय गळतंय?" मी तिला सगळं समजावून सांगितलं. त्यावर ती, "भावाला रिटायर व्हायला नको हुतं," एवढंच म्हणाली आणि नंतर आठवडाभर स्वतःच बादल्यांवर नजर ठेवून होती. एखादीत पाणी कमी दिसलं की हाक मारून सांगायची.

सगळ्यात गार निघाली ती मागची उत्तरेकडची खोली. तिथेच ह्यांची दुपारच्या झोपेची खाट होती. ह्यांनी मान खाजवली आणि खाट बाहेर काढली. पाण्यावर वारा घालायला छोटे पंखे बसवायचे, वीज गेली तर पाणी हलवणारा पंप इन्व्हर्टरवर चालवायचा आणि टाकी भरायची ती उन्हाळा सरल्यावरच, असं ठरलं.

मग मासे कुठले आणायचे याची बोलणी सुरू झाली. मी अर्थातच तो तुरेवाला मागितला. ह्यांनी माहिती काढली आणि मला सांगायचं टाळत राहिले. शेवटी म्हणाले की तो वीतभर वाढतो, त्याला लांब पोहायला लागतं, आणि आपण ठेवू ती पोवळी तो टोचून खाईल. माझा चेहराच पडला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या माशाला तीन फुटांत डोळ्यांसमोर आणून बघितलं, सारखं काचेपाशी येऊन वळणारा. मला ते बघवेना.

"तो तिथंच बरा," मी जेवताना म्हटलं. "आपल्याकडं सुखानं मावेल असं काहीतरी बघा."

ह्यांनी हसून माझ्या ताटात आणखी ठेचा वाढला.

ठरलं ते असं. टाकीतच जन्मलेली केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी, शेवाळ खाणारे थोडे शंख आणि नवख्यांकडंही तगणारी मऊ पोवळी, तीही कुणाच्या तरी टाकीत वाढवलेली. समुद्रातली दगडी पोवळी तोडून आणणं गुन्हा आहे, आणि नसता तरी मला ती नको होती.

श्रावणात टाकी भरली. आमच्या बोअरचं पाणी असं की नळावर पांढरे थर चढतात, म्हणून फिल्टरचं पाणी साठवून घेतलं आणि त्यात अशा टाक्यांसाठी मुद्दाम मिळतं ते खास मीठ कालवलं. शेजारणीनं विचारलं, मिठाचं पोतं वाण्याकडून का नाही आणलं? ह्यांनी तिला समुद्रात मिठाखेरीज काय काय असतं ते एवढं सविस्तर सांगितलं की तिचं दूध उतू गेलं. खारेपणा मोजायला दुर्बिणीसारखं एक लहान यंत्र आलं. कारखान्यात रसातली साखर तसल्याच यंत्रानं मोजायचे. ते डोळ्याला लावल्यावर ह्यांचा चेहरा असा उजळला, जणू कामावर परत बोलावलंय.

त्यानंतर कितीतरी आठवडे टाकीत नुसते दगड आणि पाणी. दगडांवर घाण पचवणारे जंतू वाढेपर्यंत मासे सोडायचे नसतात. लोक बघायला यायचे, पोवळ्यांसाठी लावलेल्या निळ्या दिव्याखालचे दगड बघायचे आणि चहा पिऊन जायचे. गल्लीतल्या एकानं तो निळा उजेड खिडकीतून बघून दवाखाना काढला का, असंही विचारलं. हे रोज काचेच्या नळीत पाणी घेऊन रंग तपासायचे. एकदाचा हवा तो रंग आला तेव्हा नळी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि मला दाखवली.

पुण्याच्या दुकानातून मासे आणि पोवळी आली. मासे पहिल्या दिवशी दगडामागं दडले आणि दुसऱ्या दिवशी सगळी टाकी आपलीच असल्यासारखे हिंडू लागले. पोवळं मात्र मिटून बसलं. मग एका सकाळी मी झाडलोट करताना बघितलं, तर ते पूर्ण उमललं होतं. हिरवट, मऊ, हळूहळू डुलत. मी केरसुणी हातात घेऊन तशीच बसले. काचवाले भाऊजी बघायला आले, तेही पोवळ्यापाशी वाकले. मग म्हणाले, "वहिनी, आमच्या हिलाबी आनतो उद्या."

दुसऱ्या दिवशी भाऊजींची बायको सुना-नातवंडांसकट आली. सगळे काचेला नाक लावून बसलेले असताना त्यांच्या नातीनं दगडाच्या फटीत काहीतरी दाखवलं. टिकलीएवढा गोल आणि त्याला केसासारखे पाच पाय. पोवळ्याच्या बुडाला चिकटून कधी आला कोण जाणे, हा चिमुकला तारामासा आम्ही मागवलाच नव्हता. हे चष्मा पुसत वाकले. मग मला विचारलं, "हा काय खात असेल गं?"

मी म्हटलं, "बघा शोधून," आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला उठले.